कचेरीच्या वेळेतला बेडूक

माझी आत्या तिरसट आहे, आणि तेच बरं आहे. बावीस वर्षं सरकारी रोपवाटिकेत झाडांना पाणी घालतेय. मागच्या तळ्यावरचे पानबेडूक तिला आम्हा नातेवाइकांपेक्षा जवळचे. अंगठ्याएवढे, हिरवेगार. तळ्यावर ओणवलेल्या पानांवर अंडी घालतात, पिल्लं टपाटप खाली पाण्यात पडतात. आजूबाजूची तळी बुजवून झाली, त्यामुळे ही जात आता इथेच उरलीय. आणि या तळ्यावरही पार्किंग करायचं घाटत होतं. बेडूक सापडला तर तळं वाचणार, नाहीतर भराव.

म्हणून तीन तज्ज्ञ पाहणीला आले. भर दुपारी बारा वाजता!

आत्या म्हणाली, "साहेब, हे दिवसा झोपतात. दिवेलागणीला या."

"बाई, आमची ड्यूटी पाचपर्यंत," मोठे साहेब म्हणाले.

घ्या! म्हणजे कचेरीची वेळ बेडकानेच पाळायची.

आत्याने एक पान दाखवलं. पाय पोटाशी घेऊन, डोळे मिटून बेडूक त्याला चिकटला होता. साहेबांनी चष्मा पुसला. "हे तर पानच आहे. हलवून दाखवा."

"झोपेत तुम्हाला कुणी ढोसलं तर चालेल?"

साहेबांना ते झोंबलं. कचेरीत त्यांना कुणी ढोसत नाही ना! शेवटी आत्याने मन घट्ट करून बोट लावलं. बेडकाने टपोरे डोळे उघडले. पण तोवर साहेब पाठ फिरवून फोटोसाठी उभे राहिले होते.

अहवाल आला: 'बेडूक आढळला नाही.' टाइप कुणी केला? मीच. साहेबांच्याच खात्यात टायपिस्ट आहे मी. पोटासाठी करावं लागतं, हे वाक्य माझं तोंडपाठ आहे.

अहवालाला तो फोटो जोडला होता. आत्याने रोपवाटिकेत आलेली प्रत घेतली, फोटोतल्या साहेबांच्या मागच्या झाडाच्या पानांवर लाल पेनाने सात गोल काढले, बाजूला लिहिलं, 'हे सात. आठवे मधे उभे आहेत,' आणि प्रत परत पाठवली.

उत्तर चार दिवसांत आलं. सरकारी कागद विद्रूप केल्याबद्दल खुलासा करावा. बेडकांबद्दल चकार शब्द नाही. त्याच सकाळी तळ्यात मातीचा पहिला ट्रक रिकामा झाला.

ती नोटीसही मीच टाइप केली, आणि घरी नेऊन दिली. आत्याने दोनदा वाचली.

"टायपिंग छान झालंय, बाळा," ती म्हणाली. "एकही चूक नाही."