कमरेचा दोर

बाळू गेला त्याला महिना होत आला. भेटायला येणारे अजून विचारतात, ‘‘समुद्रात गेला का?’’ नाही. माझा धाकटा भाऊ पाणबुड्या होता, पण गेला तो सुटीवर आलेला असताना, धुळ्याच्या दवाखान्यात, काविळीने... कोरड्या खाटेवर.

पाण्याशी त्याची ओळख पिंपळनेरच्या आमच्या मळ्यातली. विहिरीत मोटारीचा फुटवॉल, म्हणजे पाइपाच्या तळाची झडप, गाळाने अडकला की लोक बाळूला बोलवायचे. तो कमरेला दोर बांधून बुडी मारायचा, दुसरे टोक माझ्या हाती. खालून दोन झटके आले की वर ओढायचे. पोरीच्या हाती दोर दिला म्हणून शेजारचे नाना त्याला चिडवायचे, ‘‘आंडेरना हातमा दोर दिना? जीववर उदार शे का रे?’’ बाळू म्हणायचा, ‘‘अक्का कोनशी बोलस नही, नाना. तिन्हं बठ्ठं ध्यान दोरवर ऱ्हास. तुम्ही तं गप्पास्मा सोडी देशात!’’

पुढे त्याला अंदमानला सरकारी बोटीवर नोकरी लागली. सुटीत ओट्यावर बसून सांगायचा. दूर एका बेटापाशी पोवळ्यांचा खडक विहिरीच्या कडेसारखा सरळ खाली उतरतो, तळ दिसतच नाही. पाठीवर हवेची टाकी घेऊन तिथे उतरायचे. एकदा पाण्याला अशी ओढ आली की त्याचा जोडीदार दिसेनासा झाला. समोरून शार्क मासे जात होते, आमच्या बैलाहून लांब. घाबरून त्याचा हात कमरेला गेला आणि त्याने दोन झटके दिले. दोर कुठला? तो शिशाच्या वजनांचा पट्टा होता. सुटला असता तर बाळू बुचासारखा वर फेकला गेला असता, छाती फुटली असती.

‘‘मंग?’’ मी विचारले.

‘‘मंग खडक धरीसन थांबनू, अक्का. तू वर थांबे तशी.’’

ओढ कमी झाल्यावर तो हळूहळू वर आला. आई म्हणाली, ‘‘इतला मोठा मासा, आनि तू हात हालावत घर उना?’’ सगळे हसले. मी त्याच्या कमरेकडे बघत राहिले...

दवाखान्यात शेवटी त्याला बोलता येत नव्हते. मी खाटेशी बसले होते. त्याने माझा पदर मुठीत धरला आणि दोन झटके दिले. मला कळले. मी डॉक्टरांना हाका मारल्या, नर्सबाईंना हाका मारल्या. एवढ्या मोठ्याने मी जन्मात बोलले नव्हते. ते आले, त्यांनी जमेल ते केले. त्याची मूठ सैल झाली तरी मी पदर काढून घेतला नाही.

दोर गोठ्यात खुंटीला आहे. परवा म्हशीला दावे हवे म्हणून आईने तो काढला, हातात धरून पाहिला आणि परत टांगला. टोकाची गाठ कोणी सोडलेली नाही. तिच्यातला घेर मिसरूडही न फुटलेल्या पोराच्या कमरेएवढा आहे.