देवी आली ती पोटरीतून

माझ्या अंगात रेणुकामाता आली, तेव्हा मी जालन्याच्या एका कचेरीत आवक-जावक सांभाळत होतो. त्याआधी माझ्या अंगात तापाशिवाय काहीच आलं नव्हतं.

आमचं गाव हसनाबादजवळ. नवरात्रात अष्टमीच्या आरतीला घरातल्या एकाच्या अंगात आई यायची, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, आणि तिचा शब्द भावकीत कुणी मोडायचं नाही. हे काम वर्षानुवर्षं थोरली आत्या करायची. ती गेल्यापासून जागा रिकामी होती. त्यामुळे आरती सुरू झाली की देवीकडे कमी आणि एकमेकांकडेच जास्त बघणं चालायचं.

त्या वर्षी घरात वेगळाच ताण होता. चुलतबहीण सारिका हिचा संभाजीनगरला नर्सिंगला नंबर लागला होता. अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी जाऊन प्रवेश घेतला नाही तर जागा गेली! आणि काकांनी तर सगळ्या भावकीसमोर सांगून टाकलेलं, "पोरगी एकली शहरात ऱ्हायची न्हाई. बिलकुल न्हाई!" सारिका सकाळपासून जेवली नव्हती.

"दादा, तू तरी बोल ना बाबाला," ती म्हणाली.

मी छाती पुढे काढून काकांकडे दोनदा गेलो, आणि दोन्ही वेळा सोयाबीनवरच्या अळीची चर्चा करून परत आलो. (काकांचा आवाज ऐकला की माझी जीभ आपोआप शेतीकडे वळते.)

संध्याकाळी आरती सुरू झाली. संबळ कडाडत होतं, धुपानं डोळे चुरचुरत होते. मूर्ती दिसावी म्हणून मी टाचा उंचावून उभा होतो. तेवढ्यात डाव्या पोटरीत असा गोळा आला, की मी किंचाळलो! उडी मारली! पाय धरून एका पायावर गरगर फिरलो!

"आली! आली गं माय!" काकू ओरडली.

बघता बघता माझ्या कपाळावर मळवट आणि हातात लिंबू! माझी बायको गर्दीतून वाट काढत आली. "अहो, पायात गोळा आला का?"

"आईला कुनी अहो म्हनतं का गं?" काकूनं तिला मागे ओढलं.

खरं सांगावं तर भर आरतीत हसं. न सांगावं तर देवीच्या नावावर खोटं. भीतीनं मी थरथरायला लागलो, तर लोक आणखीच हात जोडायला लागले! आणि काका पुढे आले. ज्या माणसासमोर मला धड उभं राहता येत नव्हतं, त्यानं माझ्या पायावर डोकं ठेवलं. नेमकं डाव्या!

"आई, चुकलंमाकलं पोटात घाल. पोरीचं काय करू, सांग."

संबळ थांबलं. सारिका खांबाला धरून उभी होती. ओठ पांढरे पडलेले, नजर माझ्यावर. आता नाही बोललो तर ही पोरगी कायमची इथेच राहील, हे मला कळत होतं; पण सुचत होती ती फक्त अळी! शेवटी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते भलतंच, "तिच्या शैक्षणिक भवितव्याचा विचार करण्यात यावा!"

काकांनी हळूच मान वर केली. "आई, तू असं कचेरीवानी काऊन बोलून राह्यली?"

संपलं! माझ्या कानशिलांवरून घाम ओघळला. इतक्यात पोटरीत दुसरी कळ आली आणि मी जीव खाऊन ओरडलो, "जाऊ दे तिला! उद्याच्या उद्या जाऊ दे! आन् पाय सोड!"

"सोडला, आई! जाऊ देतो, आई!"

सकाळी सारिका बॅग घेऊन एसटीत बसली. रडतही होती, हसतही होती. गाडी गेल्यावर काका माझ्याजवळ आले. मी घाईघाईनं अळीची आठवण करू लागलो.

"गोळाच आल्ता ना रे?" काका म्हणाले.

माझा हात आपोआप पोटरीकडे गेला.

"मला काय कळत न्हाई व्हय? पन भावकीसमोर 'न्हाई' म्हनून बसलो व्हतो. मंग माघार कशी घ्यायची? आईला म्हनलं, कुनाच्या बी तोंडानं बोल, पन पोरीला जाऊ दे. तिला तूच घावला." त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "मानूस जरा हलका निवडला, पन काम बराबर केलं तिनं. पुढल्या साली बी ये."

मला खरंच भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या तरी कामाला आलो होतो, आणि तेही थेट वरून नेमणूक होऊन!

पायात गोळे येऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी मला रोज केळं खायला सांगितलं आहे. नवरात्रात सगळं गाव केळी खाऊन उपास करतं. मी मात्र घट बसले की केळ्याला हात लावत नाही. सेवेत खंड पडायला नको!