दादांचं दुसरं घड्याळ

आमच्या प्लँटमध्ये कॅमेऱ्याचा फोन आत नेता येत नाही. सकाळी गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवायचा आणि संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये चढण्याआधी काढायचा. त्यामुळे सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवर काम करणाऱ्या आम्हा लोकांना घरच्या बऱ्यावाईट बातम्या दिवसभर साचून एकदमच मिळतात. ऑक्टोबरातल्या त्या संध्याकाळी फोन सुरू केला तेव्हा दादांच्या मुलीचा, सुजाताचा, एकच मेसेज होता, दुपारी येऊन पडलेला. बाबा गेले, आई ठीक आहे, सावकाश या, असं तिनं इंग्रजीत लिहिलं होतं. मी बसमध्ये जाऊन बसलो. शेजारचा सहकारी सुट्ट्यांबद्दल काहीतरी विचारत होता, त्याला मी नीट उत्तरंही दिली. मनात एवढंच आलं की सुजाता तिथं होती, ती वेळेवर पोचली होती... जूनपासून त्या घरात याच एका गोष्टीची धाकधूक होती.

दिनकर गायकवाड मूळचे श्रीवर्धनचे. जहाजांच्या इंजिन रूममध्ये बरीच वर्षं काढून ते सिंगापूरला उतरले आणि तुआसच्या एका शिपयार्डमध्ये दुरुस्तीची कामं बघू लागले. इथल्या आमच्या बौद्ध कुटुंबांत लहानमोठे सगळेच त्यांना दादा म्हणत. मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तो बुद्धजयंतीच्या कार्यक्रमात. नोकरीला लागून मला महिनाही झाला नव्हता. जयभीम झाल्यावर त्यांनी गाव विचारलं, मी वसमत सांगितलं. वडील काय करतात, तर मोंढ्यात हमाली. 

“घरात शिकलेला तू पहिलाच?”

“हो.”

“मग रविवारी जेवायला ये. पहिल्या माणसाला विचारायला कोणी नसतं.”

मी खरोखरच गेलो आणि मग जातच राहिलो. बून लेच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये नंदावहिनींच्या हातचं जेवताना मला कितीतरी गोष्टी कळल्या, ज्या कॉलेजात कोणी सांगितल्या नव्हत्या. मीटिंगमध्ये समजलं नाही तर त्याच वेळी विचारावं, नंतर विचारणारा मूर्ख ठरतो. भाड्याच्या घराचा करार सही करण्याआधी दोनदा वाचावा. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या स्टॉलांच्या बाजारात, टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ती जागा कोणीतरी धरलेली आहे, तिथं बसू नये. हे शेवटचं मला माहीत नव्हतं आणि मी एकदा एका आजीबाईंच्या जागेवर जेवण संपवून उठलो होतो, तेव्हा दादा पोट धरून हसले होते. पुढे बरेच दिवस ते मला “काय वसमतकर, आज कोणाची जागा?” असं विचारत.

त्या घराच्या हॉलमध्ये भिंतीवर शेजारी शेजारी दोन घड्याळं आहेत. ही जहाजावरची सवय. जहाज पूर्वेला निघालं की वाटेत घड्याळ पुढं करत जावं लागतं, आणि घरी किती वाजले हे मग हिशेबानं काढावं लागतं. दादा समुद्रावर असताना वहिनी दुसऱ्या घड्याळात त्यांच्या बंदराची वेळ लावून ठेवत. दादा जमिनीवर आले तरी ते घड्याळ उतरलं नाही. सुजाता फिजिओथेरपी शिकायला सिडनीला गेली आणि त्यात सिडनीची वेळ लागली. तिकडे वर्षातून दोनदा वेळ बदलते. तेव्हा दादा स्टुलावर चढून काटे फिरवत आणि खाली उतरून तिला फोन करून ताळा घेत. हे काम ते दुसऱ्या कोणाला करू देत नसत.

या वर्षी सुजाताला तिथल्या एका व्यावसायिक रग्बी लीग क्लबनं खेळाडूंच्या उपचारांसाठी घेतलं, पण एकाच हंगामाच्या करारावर. काम आवडलं तर पुढे बघू, असं. दादांना हा खेळ अजिबात माहीत नव्हता, पण त्यांनी टीव्हीवर त्याचं चॅनेल घेतलं आणि मार्चपासून आमचे रविवार त्यात जाऊ लागले. तिकडे दुपार उतरली की इकडे आमची जेवणं होऊन पानं उचललेली असत. दादा तरुणपणी श्रीवर्धनच्या एका मंडळाकडून कबड्डी खेळलेले. त्यामुळे सगळा खेळ ते कबड्डीतूनच बघायचे. पहिल्या दिवशी चेंडू घेऊन पळणाऱ्याला तिघांनी खाली पाडल्याबरोबर दादांनी बोट वर करून त्याला बाद केलं. तो गडी मात्र उठला, चेंडू टाचेनं मागे सरकवला आणि परत खेळायला लागला. पंच काही बोलेना. दादा चकित झाले. फोनवर सुजातानं समजावलं की धरलं म्हणून कोणी बाद होत नाही, सहा वेळा धरलं की चेंडू समोरच्यांना मिळतो. तेव्हापासून दादा प्रत्येक पकडीला एक बोट मिटायचे. पाच बोटं संपली की सहाव्याला गुडघ्यावर थाप.

पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. एवढे धिप्पाड लोक समोरच्याला छातीशी जाऊन का भिडतात, घोटा का धरत नाहीत, हा त्यांचा प्रश्न होता. घोट्याची पकड मला कळावी म्हणून एका रविवारी त्यांनी ती मला लावून दाखवली आणि मी टीपॉयसकट आडवा झालो. वहिनी आतून म्हणाल्या, “अहो, त्याला सोमवारी कामावर जायचं आहे.” दादांचं लक्ष नव्हतं. त्यांना सुजाताकडून कोचसाठी निरोप द्यायचा होता, की दोघा दोघांनी हात धरून साखळी करा, एकही माणूस सुटणार नाही. सुजाताला मराठी सगळं कळतं, ती उत्तर मात्र सिंगापुरी इंग्रजी मिसळून देते. “बाबा, कॅनॉट लाह. हे लोक हँड्स होल्ड नाही करणार.” दादा म्हणाले, म्हणूनच हरताय.

आणि क्लब हरत होताच. पहिला सामना जिंकून सुरुवात झाली होती, मग एकामागून एक हरणं. क्लबचा कप्तान गुडघा दुखावून बाहेर बसला होता आणि तो सुजाताच्या हाती सोपवलेला होता. त्याचं नाव आमच्यापैकी कोणालाच नीट उच्चारता येईना, म्हणून वहिनींनी त्याला “गुडघा” असंच नाव दिलं. आज गुडघा कसा आहे, गुडघा चालला का, अशी चौकशी दर फोनला होई.

जूनमध्ये दादांचा खोकला हा साधा खोकला नाही हे कळलं. दोन्ही फुप्फुसं गेली होती. डॉक्टरांनी काहीही न लपवता सांगितलं की वर्ष निघणार नाही. क्लबला एक आठवडा सामना नव्हता तेव्हा सुजाता येऊन गेली. नोकरी सोडून इथंच राहते, असं तिनं सांगितलं. दादांनी तिला समोर बसवलं. मीही तिथं होतो.

“मी गेल्यावर तुझ्याकडे काम राहायला पाहिजे,” ते म्हणाले. “आज काम सोडलंस तर चार महिन्यांनी तुझ्याकडे ना मी असेन, ना काम. हंगाम संपला की ये. तोवर मी कुठं जात नाही.”

सुजातानं आईकडे पाहिलं. वहिनींनी होकारार्थी मान डोलावली. हे कबूल करणं तेव्हा फारसं अवघड नव्हतं. क्लब तळाशी होता, बाद फेरीत पहिले आठच संघ जातात, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोरगी घरी. वहिनींनी तिची खोली तेव्हाच झाडून ठेवली.

पुढे जे झालं ते कोणाच्या हिशेबात नव्हतं. जुलैत गुडघा बरा होऊन मैदानात आला. पहिल्याच दिवशी तो पळाला, पडला, उठला, आणि दादांनी टाळी वाजवली, कारण ते सुजाताचं काम होतं. क्लब जिंकला. पुढच्या आठवड्यात पुन्हा जिंकला. त्या वेळेपर्यंत घरात ऑक्सिजनचं मशीन आलं होतं, त्याची घरघर समालोचनाच्या खाली सतत चालू असे. दादा नळी सावरत बोटं मिटत राहिले. तळाचा क्लब मधे आला, मधून वर सरकला, आणि शेवटच्या फेरीत दुसरे कोणी हरले म्हणून हे आठवे झाले. दादा खूश होते. वहिनींनी शिरा केला, पण त्या स्वतः खायला बसल्या नाहीत. हॉलमध्ये बसलेल्या आम्हा तिघांनाही ठाऊक होतं की आता क्लब जिंकला की सुजाताचं येणं एक आठवडा पुढे जाणार. ती आली असती तर कोणी तिला अडवलं नसतं. पण तिनं बापाला शब्द दिला होता आणि बाप दर फोनला तो शब्द धरून बसलेला.

बाद फेरीचा पहिला सामना क्लब जिंकला. दुसऱ्याच्या आधी दादांना दोन दिवस हॉस्पिटलात ठेवावं लागलं होतं. सामना सुरू होताना वहिनी भाजी निवडत होत्या. खाली बघतच त्या म्हणाल्या, “आज हरले तर बरं होईल.”

दादा म्हणाले, असं म्हणू नये.

“तुमचे वडील गेले तेव्हा तुम्ही दर्यावर होतात,” वहिनी म्हणाल्या. “अजून झोपेत बोलता. तेच तिच्या वाट्याला द्यायचंय का?”

 त्या दिवशी दादांनी बोटं मिटली नाहीत, नुसते बघत राहिले. क्लब जिंकला. सामना संपल्यावर सुजाताचा व्हिडिओ कॉल आला. मागे खेळाडूंचा आरडाओरडा चालला होता आणि ती मात्र रडत होती. आता येऊ का, असं तिनं मराठीत विचारलं. तिला पूर्ण मराठी वाक्य बोलताना मी फार वेळा ऐकलेलं नाही. दादांनी श्वास जुळवला आणि सांगितलं, “एकच राहिलाय ना? तेवढा संपव.” फोन ठेवल्यावर ते बराच वेळ दुसऱ्या घड्याळाकडे बघत होते. खरं तर एकच नव्हता. पुढचा जिंकला तर त्यानंतर अंतिम सामना होता. ते त्यांनाही ठाऊक होतं.

तो सामना शनिवारी संध्याकाळी होता. वहिनी त्या दिवशी भाजी घेऊन बसल्या नाहीत, हात मांडीवर ठेवून बसल्या. क्लब सुरुवातीपासून मागे पडला. मग हळूहळू अंतर कमी झालं. शेवटच्या काही मिनिटांत चेंडू रेषेपलीकडे टेकवला की जिंकले, असं एका उडीचं काम उरलं होतं आणि चेंडू गुडघ्याच्या हातात आला. त्याला चौघांनी रेषेच्या अलीकडे पाडलं. तो उठायला वेळ लावत होता, एका पायावर भार देत होता. पट्टी बांधायला सुजाता धावत येताना पडद्याच्या कडेला क्षणभर दिसली, पाठमोरी, हातात पिशवी. आणि वहिनी खुर्चीतून उठल्या. “ऊठ रे,” त्या म्हणाल्या. “ऊठ. तिनं एवढं केलंय तुझं, ऊठ.” तो उठला. वहिनी उभ्याच राहिल्या. दादा टीव्ही सोडून त्यांच्याकडे बघत होते. पुढच्या पकडीत चेंडू सुटला आणि क्लब हरला.

वहिनी खाली बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या.  दादांनी मला स्टूल आणायला सांगितलं. त्यांना चढता येणार नव्हतं, पण घड्याळ खाली काढून हातात दे म्हणाले. मी ते काढलं. ते मांडीवर घेऊन बसले, मग म्हणाले, “राहू दे. ती दारात आली की मग.”

सुजाता सोमवारी दुपारी आली, मी रजा घेतली होती. तिची बॅग अजून दारात होती तेव्हाच दादांनी काटे दोन तास मागे फिरवले आणि घड्याळ भिंतीवर परत लावायला लावलं. दोन्ही घड्याळांत एकच वेळ, हे त्या घरात मी पहिल्यांदा बघत होतो. त्यानंतरचे दिवस शांत होते. सुजाता त्यांच्या पाठीला उशा लावायची, दिवसातून कितीदा तरी हातपाय हलवून घ्यायची आणि ते तिला कोचबद्दल तक्रारी सांगायचे. साखळी केली असती तर जिंकला असतात, हे त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. एका सकाळी तिला क्लबचा ईमेल आला, पुढचा करार मिळाला होता. दादांनी तो मजकूर तिच्याकडून दोनदा वाचून घेतला. ते गेले तेव्हा ती आणि वहिनी दोघीही त्यांच्याजवळ होत्या. मंडाईच्या दाहगृहात त्रिशरण-पंचशील झालं. शिपयार्डातले तमिळ आणि बांगलादेशी कामगारही कामाच्या कपड्यांतच आले होते.

सुजाता मागच्या रविवारी सिडनीला परत गेली. मी नेहमीसारखा जेवायला गेलो. जेवण झाल्यावर माझं लक्ष भिंतीकडे गेलं. दोन्ही घड्याळं अजून एकच वेळ दाखवत होती. दुसरं बदलू का, असं मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, ती पोचल्याचा फोन येऊ दे, बंदर आल्याशिवाय काटे हलवायचे नाहीत असं दादांचं होतं. फोन आला तेव्हा मी स्टूल घ्यायला उठलो. त्यांनी मला हातानंच बसवलं, स्वतः स्टूल ओढलं आणि चढून घड्याळ काढलं.

“दोन ना?” त्यांनी विचारलं.

“आता तीन. तिकडे उन्हाळा सुरू झालाय.”

“हो, हो. तीन.” त्यांनी काटे सावकाश फिरवले, काच पदरानं पुसली आणि घड्याळ खिळ्याला अडकवलं. खाली उतरून त्या सुजाताला पुन्हा फोन लावून किती वाजले ते विचारत दादांच्या खुर्चीत बसल्या. मी निघायला हवं होतं, पण बसून राहिलो. ती खुर्ची दोन्ही घड्याळांच्या अगदी समोर लावलेली आहे, हे इतक्या रविवारांनंतर मला त्या दिवशी कळलं.