हिरवा चौकोन

आमच्या ऑफिसात एखादा चौकोन हिरवा झाला की कुणीतरी समोसे मागवतं. ऐरोलीच्या काचेच्या इमारतीत बसून आम्ही देशाच्या पर्यावरणाचं प्रगतिपुस्तक भरतो. हवा, पाणी, जंगल, मासळी, कचरा, प्रत्येकाची एक ओळ आणि ओळीच्या टोकाला एक चौकोन. बरं चाललं असेल तर हिरवा, जेमतेम असेल तर पिवळा, बिघडलं असेल तर लाल. माझ्याकडे खाड्या आणि किनारा. बाहेरून आलेले आकडे मी तपासते, शंका आली की फोन करून समोरच्याचा जीव खाते. माझ्या पाठीमागे मला ‘कटकट मॅडम’ म्हणतात, ते मला ठाऊक आहे. म्हणू देत. पण एवढी कटकट करणारी बाई स्वतःच्या घरातला फॉर्म डोळे झाकून भरून मोकळी झाली, हे काही केल्या घशाखाली उतरत नाही.

मी साताऱ्याकडची. वडील मार्केटात पोती वाहायचे, त्यामुळे मासळी म्हणजे आमच्याकडे रविवारचा सुका बोंबील. लग्न करून आले ती थेट खाडीकाठच्या गावात, ऑफिसपासून रिक्षाने दहा मिनिटांवर. सासऱ्यांची छोटी होडी. आम्ही त्यांना बाबा म्हणतो. भरतीची वेळ बघून बाबा निघायचे, आणि परतताना डोक्यावर पाटी, पाटीवर ओलं गोणपाट, गोणपाटावर तिवराची, म्हणजे खारफुटीची, हिरवी डहाळी. मला वाटायचं, माशा बसू नयेत म्हणून. विचारलं कधीच नाही. घरात संध्याकाळी कालवण व्हायचं, मी हात चाटत जेवायची आणि माहेरी फोन करून सांगायची, आमच्याकडे रोज घरची मासळी असते म्हणून.

खाडीकाठच्या घरांतून दरवर्षी एक फॉर्म भरून यायचा. त्यात एक प्रश्न होता: पूर्वीच्या मानाने मासळी वाढली, तेवढीच आहे, की कमी झाली? आमच्या गावचे फॉर्म मीच भरून आणायची, घरचं काम म्हणून. बाबा ओट्यावर चहात बटर बुडवत बसलेले असायचे.

“बाबा, मासळी कशी आहे?”

“बरी हाय गो.”

“म्हणजे तेवढीच ना?”

“बरी हाय म्हनतंय ना.”

झालं. ‘तेवढीच’वर खूण केली, त्यांचा अंगठा घेतला आणि पुढच्या घरी गेले. पुढच्या घरीही ‘बरी हाय’, त्याच्या पुढेही ‘बरी हाय’. कुठल्या परक्या गावाहून असा एकसारखा कागद आला असता तर मी त्यांना सळो की पळो करून सोडलं असतं. इथे म्हटलं, आपलीच माणसं, खोटं कशाला सांगतील? त्यातच उपग्रहाच्या फोटोत आमच्या खाडीतली तिवरं वाढलेली दिसली. दोन्ही ओळी हिरव्या. त्या दिवशी समोसे मी मागवले.

खरं काय होतं ते सगळं गाव पायाने तुडवत होतं. खाडीत गाळ साचत चालला होता आणि त्या गाळावरच तिवरं उगवत होती. धक्क्यापासून खोल पाण्यापर्यंत जाणारी वाट बुजली होती. ओहोटीला होडी चिखलात रुतायची, बाबा मांडीएवढ्या गाळात उतरून ती ढकलायचे. तिवरांना हात न लावता मधल्या वाटेचा तेवढा गाळ काढा, असा अर्ज गावाने केला होता. त्यावर एक साहेब समाजमंदिरात आले. गोड माणूस. त्यांनी पिशवीतून एक रंगीत कागद काढला आणि म्हणाले, “खाडी सुधारतेय. तिवरं वाढलीत, मासळीही तेवढीच आहे. तुम्हीच तर लिहून दिलंय. मग गाळ कशाला काढायचा?”

तो कागद माझा होता. चौकोनांची आखणीसुद्धा मी केलेली. बाबा पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी कागद बघितला, मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा समोर बघत बसले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

घरी आल्यावर मी तोंड सोडलं. “बाबा, तुम्ही खोटं का सांगितलंत? मी काय परकी होते?” बाबा पाय धुवायला मागे गेले. सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. “गप बस गो. खाडीच्या नावानं नाय म्हनत नाय कोनी. ती आपली आय हाय. आयच्या घरात काय नाय, असं लोकांना सांगशील? म्हनून तर पाटी झाकून आनतात. रिकामी पाटी उघडी गावातून न्यायची नाय.”

“मग आपण रोज खातो ते?”

“मी बाजारातून आनतंय. मोऱ्याच्या बंदरावरची मासळी ती. तुझ्या पानात वाढताना ते बघत बसायचे ना, त्यांना बरं वाटायचं.”

मी भांड्यांच्या मांडणीला टेकून रडले. कसली कटकट मॅडम आणि कसलं डोंबलाचं तपासणं! ज्या पाटीचं गोणपाट मी एकदाही उचललं नव्हतं, तिच्या जिवावर मी देशाचा चौकोन हिरवा केला होता.

ऑफिसात सांगितलं तर उत्तर मिळालं, छापलेलं बदलत नाही. नव्या वर्षाच्या फॉर्मात मच्छीमाराने स्वतः ‘कमी’ सांगितलं तर चौकोन बदलेल, अर्जही पुन्हा उघडेल. मी घरोघर फिरले. सगळ्यांचं एकच, आधी तुझा सासरा बोलू दे, तो जाणता माणूस हाय. मग मी बाबांच्या मागे लागले. चहाच्या वेळी, जेवताना, टीव्ही बघताना. “एकदा म्हणा बाबा. एक शब्द. वाट मोकळी होईल, होडी सुटेल.” ते उठून ओट्यावर जाऊन बसायचे. एकदा तर मी चिडून म्हणाले, “तुमच्या या हट्टापायी गाव चिखलात बसलंय.” हे बोलायला नको होतं. मला आजही त्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाबा सकाळच्या भरतीला गेले आणि उन्हं वर आल्यावर परतले. आधी आम्हाला गल्लीतला गलका थांबल्याचं कळलं. बाहेर आले तर बाबा रस्त्याच्या मधून चालत येत होते. पाटी डोक्यावर नव्हती. दोन्ही हातांत पुढे धरलेली, उघडी, आत काही नाही. गोणपाट नाही, डहाळी नाही. ओट्यांवरच्या बायका एकेक करून उठून आत गेल्या. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. बाबांनी पाटी माझ्या पायांशी ठेवली.

“कमी नाय गो,” ते म्हणाले. “काय नाय. काय नाय राहिलं. लिही.”

‘काही नाही’ अशी खूण करायला फॉर्मात जागा नव्हती. मी ‘कमी’वर केली. त्यांचा अंगठा नीट उमटला. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाने तेच सांगितलं. ऑफिसात चौकोन लाल झाला. त्या दिवशी कुणी काही मागवलं नाही.

यंदा गाळ काढून झाला. धक्क्याशी ओहोटीलाही पाणी असतं, होड्या सरळ बाहेर पडतात. पाट्या अजून झाकलेल्याच येतात, पण वजनाने माना थोड्या वाकलेल्या दिसतात. बाबांची होडी मी रंगवून घेतली, निळी, त्यांना आवडते तशी. ते ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या होड्या जाताना बघतात. काल न राहवून मी म्हटलं, “बाबा, आता पाणी आलंय. एक फेरी तरी मारून या.”

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

“मी आयच्या नावानं नाय म्हटलं ना गो, सगळ्या गावासमोर,” ते म्हणाले. “आता कुठल्या तोंडानं जाऊ?”