रोमच्या राण्या आणि आमच्या मॅडम

कविता वाचून झाली की मॅडम चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि वर्गाला विचारायच्या, "लई छान. पण यात बाई कुठंय?"

त्या आम्हाला रोमचा इतिहास शिकवायच्या. तिथले कवी सम्राटांच्या बायकांना हयातीतच देवी करून टाकत. रूप एका देवीचं, शील दुसरीचं. मेल्यावर तर देऊळच. "तिला राग यायचा का, झोप लागायची का, कुणी लिहिलं नाय," मॅडम म्हणायच्या. "देवी केली की तिचं ऐकून घ्यावं लागत नाय." देवगाव रंगारी या आपल्या गावची बोली त्यांनी कॉलेजात कधी लपवली नाही. तुम्ही ऐकलं असतं तर तुम्हालाही रोम आमच्या कन्नड तालुक्याच्या जरा पुढंच आहे असं वाटलं असतं.

दुष्काळाची वर्षं होती. मी फुलंब्रीहून बसनं शहरातल्या कॉलेजात यायचे. शहर आमच्या दिशेनं वाढत होतं, पण नव्या वसाहतींनाही पाणी टँकरचंच. त्यातच माझी आई गेली. वर्षश्राद्धाच्या पत्रिकेवर छापायला मी कविता केली आणि मॅडमना तपासायला दिली. अन्नपूर्णा, त्यागमूर्ती, गंगेसारखी पवित्र, असं सगळं होतं तिच्यात.

त्यांनी ती दोनदा वाचली. मग हळूच म्हणाल्या, "आई कशी होती गं?"

मी सांगत गेले. टँकरपाशी भांडायला लागली की आवाज अख्ख्या गल्लीत जायचा. पण शेजारच्या म्हातारीची घागर आधी भरून द्यायची. वडिलांच्या चालण्याची अशी नक्कल करायची, की वडीलच पोट धरून हसायचे. सांगता सांगता मला रडू फुटलं. आई गेल्यापासून मी रडलेच नव्हते.

"हेच लिही," मॅडम म्हणाल्या.

लिहिलं. काका भडकले. "मेलेल्या माणसाची भांडणं छापतात व्हय?"

वडील पत्रिका घेऊन गोठ्याकडं गेले. बऱ्याच वेळानं तिकडून हसण्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. "अशीच होती ती," म्हणाले. "छापलं ते बरं केलं."

पुढं एकदा ते सीताफळांची पिशवी घेऊन कॉलेजात आले. "मॅडम, पोरीला ठाऊक नसलेलं बी लई हाय," म्हणत समोर बसले.

मॅडम जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला त्या दिसतात त्या स्टाफरूममध्येच. वडील हातवारे करून सांगतायत, चहावर साय धरलीय आणि कधीच न पाहिलेल्या माझ्या आईच्या गोष्टींवर मॅडम टेबलावर हात आपटून हसतायत.