ताणावरचा मांत्रिक

सत्तेचाळीस वर्षांची बाई बंदुकीचा ऑनलाइन गेम खेळते हे कळलं की लोक दोन प्रकारचे निघतात. काही हसतात आणि काहींना माझी काळजी वाटते. हसणारे परवडले. काळजीवाल्यांना मी आता सरळ विचारते, तुम्ही रोज संध्याकाळी मालिकेतल्या सासवांपायी रडता, तेव्हा मी कधी तुमच्या घरी विचारपूस करायला आले का? आमच्या शाळेतल्या एका बाईंनी मला ध्यानाच्या शिबिराला जायचं सुचवलं. मी म्हटलं, जाईन की, आधी ही मोहीम संपू द्या.

मी तीर्थपुरीत भावाच्या घरी, वरच्या खोलीत राहते. शाळेत शिकवते. लग्न केलं नाही आणि त्याची कारणं विचारायची गावाची हौस आता फिटलेली आहे. भाचा शिकायला पुण्याला गेला, त्याला नवा लॅपटॉप मिळाला, आणि त्याचं जुनं मशीन माझ्या खोलीत कपडे वाळवायच्या दोरीखाली पडून राहिलं. एका रविवारी धूळ पुसायला म्हणून हात लावला आणि चालू करून बघितलं. त्याला आता बरीच वर्षं झाली.

गेममध्ये तीन प्रकारचे लढवय्ये असतात. एक ढालवाला, एक चपळ शिकारी आणि एक मांत्रिक. हातात बंदूक तिघांच्याही असते, पण मांत्रिकाला लांब झगा असतो आणि बंदुकीच्या जोडीला मंत्र असतात. मी झगा बघूनच मांत्रिक घेतला, हे कबूल करायला मला काही लाज वाटत नाही. मात्र नुसत्या झग्यानं भागत नाही. कोणता झगा, कोणते हातमोजे, कोणती बंदूक आणि कोणता मंत्र, यांची जुळवणी करावी लागते. त्या जुळवणीला सगळे बिल्ड म्हणतात, तर मीही बिल्डच म्हणते.

माझी तीन बिल्ड आवडती आहेत आणि तिन्ही जुनी आहेत. पहिलं विषाच्या हातमोज्यांचं. एका शत्रूला विष लागलं की ते शेजारच्याला लागतं, त्याच्यापासून त्याच्या शेजारच्याला, अगदी गावात बातमी फिरते तसं. आपण फक्त सुरुवात करून द्यायची आणि बाजूला व्हायचं. दुसरं दिव्याचं. खांद्याजवळ एक इवलासा दिवा तरंगत राहतो आणि आपण दुसरीकडे बघत असलो तरी तो आपल्या वतीनं आग सोडतो. एकट्यानं खेळताना मला त्या दिव्याची इतकी सोबत वाटायची की तो विझला तर जीव हळहळायचा. हसा खुशाल.

तिसरं मात्र माझं खरं. त्यात एक मळकट, राखाडी झगा आहे. तो घातला की बाकीचे सगळे मंत्र बंद. नुसती बंदूक चालवायची, समोरच्याचा मार खायचा आणि शक्ती आत साठवत राहायची. पडद्यावर एक जिवाची पट्टी असते, आपल्यात किती जीव उरला ते दाखवणारी, ती मार खाऊन खाऊन लाल होते. तशी लाल झाल्यावरही थोडा वेळ तग धरला, तर साठवलेलं सगळं एकदम बाहेर पडतं, आणि मग समोर कोणीही असो. पण मध्येच कुणी तुम्हाला बरं केलं, पट्टी पुन्हा हिरवी झाली, की साठा शून्य. पुन्हा पहिल्यापासून.

लोकांना हे बिल्ड अवघड वाटतं. मला पहिल्या दिवशीच समजलं, कारण मी मोसंबीच्या बागेत वाढले आहे.

मोसंबीला बहार धरायचा तर आधी झाडाला ताण द्यावा लागतो. म्हणजे पाणी तोडायचं. हिवाळ्यात बागेखाली भेगा पडतात, पानं पिवळी पडून गळायला लागतात, झाड आता मरतंय की काय असं वाटतं. तेव्हाच हात आवरायचा असतो. झाड पुरतं ताणावर आलं की मग खत घालून पाणी सोडायचं, आणि मग फांदीफांदीला फूल. भाऊ तेव्हा जालन्याला वसतिगृहात होता, त्यामुळे वडील मला बागेत न्यायचे. एक पान चिमटीत धरून, वाकवून बघायचे आणि म्हणायचे, "अजून न्हाई. तुला दया येऊन राह्यली का? येऊ दे. पाणी न्हाई सोडायचं." वडील थकले तशी बाग भावाकडे गेली. पहिल्याच वर्षी त्याला पिवळी पानं बघवली नाहीत आणि त्यानं लवकर पाणी सोडलं. झाडांना नवती, म्हणजे नुसती कोवळी पालवी फुटली, बाग हिरवीगार झाली, आणि फूल नाही. मी आधीच सांगितलं होतं. त्यावर तो म्हणाला होता, "तू शाळंचं बघ." ते मी विसरलेले नाही.

तर गेममधल्या मोठ्या मोहिमेला सहा जण लागतात. आमची टोळी रविवारी दुपारी जमते. कॅप्टन केदारखेड्याचा, पुण्यात कंपनीत आहे, पोराबाळांचा बाप. एक शहागडचा, हायवेवर त्याचं टायरचं दुकान आहे आणि त्याच्या माइकमधून ट्रकचे हॉर्न सतत ऐकू येतात. उरलेले तिघे बोलतच नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल मला सांगता येण्यासारखं काही नाही.

सुरुवातीला माझ्या मशीनला माइक नव्हता. मी टाइप करून बोलायची. राखाडी झगा घालून मी सगळ्यांत पुढे उभी राहायची आणि एकामागून एक शत्रू आडवे व्हायचे. मी बाप्या आहे असं त्यांनी धरूनच टाकलं होतं. मला ते "उस्ताद" म्हणायचे. "उस्ताद, पुढं काय करायचं?" "उस्ताद, तुमी म्हणताल तसं." मला हा शब्द फार आवडायचा. घरात मी आत्या, शाळेत बाई, गावात अमक्याची बहीण. उस्ताद मला कुणी कधी म्हटलं नव्हतं.

मग मी जालन्याहून माइकचे हेडफोन आणले आणि एका रविवारी म्हटलं, "नमस्कार."

पलीकडे एक ट्रक तेवढा वाजत गेला. मग कॅप्टन म्हणाला, "आयला. मावशी हाय की ही!"

त्याच दुपारी मला कळलं की मावशीनं मागे उभं राहायचं असतं. "मावशी, तुमी जरा मागं थांबा, आमी बघतो." पुढच्या रविवारी तो म्हणाला की गेमचं नवं अपडेट आलंय, जुन्या झग्याची धार कमी केलीय, आता मांत्रिकानं नवं बिल्ड घ्यायचं. हे नवं बिल्ड काय, तर जमिनीवर उजेडाचं एक वर्तुळ आखायचं. बाकीचे त्यात उभे राहून लढतात आणि मांत्रिक वर्तुळ सांभाळत त्यांना बरं करत राहतो. मी ऐकून घेतलं. म्हणजे खाली वहिनीबरोबर घरच्यांना वाढायचं आणि वर येऊन आणखी पाच जणांना वाढायचं.

धार कमी झाली होती हे खरं. पण कॅप्टन शिकारी, आणि बंदुकीच्या जोडीचं त्याचं धनुष्य माझ्या झग्याइतकंच जुनं होतं आणि त्याचीही धार त्याच अपडेटमध्ये गेली होती. ते बदलायची गोष्ट कुणी काढली नाही. माझ्या जागेवरून मला उठवायचं चाललं होतं हे न कळण्याइतकी मी खुळी नाही. मला राग आला. चांगलाच आला. मी म्हटलं, "मी झगा बदलणार न्हाई."

"मावशी, ते आता कुणीच वापरत न्हाई."

"मंग मी वापरते."

मोहिमेच्या शेवटच्या लढाईचा रविवार आला. जानेवारी लागलेला, खाली भावाची बाग ताणावर, दुपारचं ऊन माझ्या पडद्यावर पडू नये म्हणून खिडकीला चादर लावलेली. समोर शेवटचा शत्रू, डोंगराएवढा. त्याला बॉस म्हणतात. मी राखाडी झगा घालून पुढे गेले. मार खाल्ला, बंदूक चालवली, शक्ती साठली. पट्टी लाल झाली. आता थोडंच थांबायचं होतं, आणि तेवढ्यात माझी पट्टी झर्रकन हिरवी झाली. साठा शून्य. शहागडवाल्यानं त्याच्याजवळचं औषध देऊन मला बरं केलं होतं.

"अरे कशाला दिलं!" मी ओरडले.

"मावशी, तुमी मरून राह्यल्या होत्या ना. बघवंना गेलं."

बॉसनं आम्हा सहाही जणांना लोळवलं. कॅप्टननं सगळ्यांना पुन्हा सुरुवातीच्या जागी गोळा केलं. मग म्हणाला, "हे बघा मावशी, मी बराबर सांगून राह्यलो. एक तर बिल्ड बदला, न्हाई तर माझा एक दोस्त हाय, तो येईन तुमच्या जागेवर. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं याचाच मला जास्त राग आला. सहा जणांतली एक जागा, ती काय मोठी? पण ती मी कुणाची बहीण म्हणून मिळवलेली नव्हती, कुणाच्या खोलीत राहून मिळवलेली नव्हती. ती माझ्या हातांनी कमावलेली होती. ती जागा मी सोडणार नव्हते.

"आणखी एकदा," मी म्हटलं. "ह्या खेपेला जमलं न्हाई तर मी स्वतःहून जाते. पण मला कुणी बरं करायचं न्हाई."

"मरताल की."

मी त्याला सोडून शहागडवाल्याला विचारलं, "तुमच्याकडं मोसंबी हाय का?"

"होती की. आज्याच्या टायमाला लई होती."

"बाग ताणावर असताना कुणी दया येऊन पाणी सोडलं, तर काय होतं?"

"नवती फुटती," तो म्हणाला. "बहार गेला मंग." आणि थोड्या वेळानं, "अरे देवा. मी पाणी सोडलं काय?"

"हां."

"काय सोडलं?" कॅप्टन वैतागला. "मला बी सांगा की. आमच्याकडं मिरची ऱ्हाती."

"तू फक्त एक कर," शहागडवाला म्हणाला. "त्यांला हात लावू नको."

दुसऱ्यांदा आत गेलो. मी पुढे. बॉसचा पहिला तडाखा बसला, दुसरा बसला. झगा निखाऱ्यासारखा आतून तांबूस व्हायला लागला. पट्टी पिवळी झाली, मग लाल. कॅप्टन ओरडायला लागला, "देऊ का मावशी? देऊ का? गेल्या तुमी आता!" त्याचं काही खोटं नव्हतं, एका टिचकीनं मी गेले असते.

"न्हाई!" शहागडवाला ओरडला. "देऊ नको म्हणलं ना! ताण तुटंल!"

मला वडिलांची ती चिमटीत पान धरलेली बोटं आठवली. अजून नाही. अजून नाही. दया येऊ दे.

मग सुटलं. सगळा पडदा पांढरा झाला, मला माझाच मांत्रिक दिसेना. पांढरं ओसरलं तेव्हा बॉस गुडघ्यावर आला होता. बाकीच्यांनी उरलंसुरलं काम केलं. ते तिघे मुके, तेसुद्धा एकाच वेळी ओरडले, आणि त्यांच्यातला एक तर बायकोला हाक मारून सांगत होता की आम्ही जिंकलो. मी खुर्चीत मागे टेकले. हसूही येत होतं आणि डोळेही भरले होते.

"जमलं बरं का मावशी!" कॅप्टन म्हणाला. "नशीब जोरात हाय आपलं. पण पुढच्या रविवारपासून मात्र तुमी मागं..."

"आज मागं कोण होतं?" मी विचारलं.

मी माइक तोंडाजवळ ओढला.

"मी पुढंच उभी राहणार. ह्याच झग्यात. आणि मावशी तुझ्या आईच्या बहिणीला म्हण."

शहागडला कुणीतरी चाकात हवा भरत होतं, तो आवाज तेवढा येत राहिला. मला वाटलं, गेली जागा. गेली तर गेली. हात मात्र हेडफोन काढायला उठेना.

"मंग," कॅप्टन शेवटी म्हणाला, आणि त्यानं घसा साफ केला. "पुढच्या रविवारी किती वाजता यायचं, उस्ताद?"

"तीनला," मी म्हणाले. "आणि मी सांगितल्याबिगर कुणी पाणी सोडायचं न्हाई."