अपिसाईचा अंगठा

आमच्या लौटोका शहरात अपिसाईला घाबरवणं अवघड. रग्बीच्या मैदानावर एकदा सहा जण त्याच्या अंगावर पडले आणि लागलं त्या सहांनाच. हाच अपिसाई आमच्या प्लास्टिकच्या डब्यांच्या कारखान्यात पोलादी साच्यांना पॉलिश करतो आणि साच्याजवळ श्वाससुद्धा जपून घेतो. वितळलेलं प्लास्टिक पक्कं चहाडखोर. पोलादावर जे असेल ते प्रत्येक डब्यावर उमटवतं. त्यात अपिसाईचा घाम असा, की त्याने नुसता हात लावला तरी दोन दिवसांत पोलाद गंजतं. म्हणून तो हातमोज्यांशिवाय काम करत नाही.

सोमवारी सकाळी सातलाच त्याने मला कोपऱ्यात ओढलं. "भैया, बघ."

आइस्क्रीमच्या डब्याचा साचा. आतून आरशासारखा, आणि मधोमध गंजाचा एक ठसठशीत अंगठा.

"शुक्रवारी माशी बसली होती. मोजा काढून उडवली."

"अंगठ्याने उडवतात?"

"चिरडली."

"मग घासून काढ."

"तेवढंच घासलं तर खळगा पडेल. तोही उमटेल. मॅडम हाकलतील मला!"

कारखाना चालवणाऱ्या गौंडर मॅडम दहाला पहिला डबा बघणार होत्या. उपाय एकच: आतल्या सगळ्या भिंतींवर बारीक वाळूचा फवारा मारून चकाकीच घालवायची. पण खरखरीत पोलाद प्लास्टिकला धरून ठेवतं, आणि या साच्याच्या भिंती जवळजवळ उभ्या. वाळू जरा खोल गेली, की डबा ओरखडत निघणार, नाहीतर निघणारच नाही.

त्याने फवारा उचलला, ठेवला, परत उचलला.

"देवाचं नाव घे," मी म्हणालो.

"गावातल्या सगळ्या चर्चचं घेतलं. तुझ्या देवळाचंही."

दहाला साचा बसवलेलं मशीन मिटलं, फुसफुसलं, उघडलं. डबा आतच! मग खट् झालं आणि डबा खाली पडला.

मॅडमनी तो उजेडात फिरवला. ओरखडा नव्हता. "चकाकी कुठं गेली?"

मी, त्याचा जिवलग मित्र, बुटांची लेस बांधू लागलो.

"मी घालवली, मॅडम. माझा अंगठा लागला होता."

मॅडमनी हात ओला करून डबा धरला, हलवला. "ओल्या हातातूनही निसटत नाही हा. उरलेले सात साचेही आजच असे कर."

"मॅडम, त्यांच्या भिंती याहून उभ्या आहेत..."

"मग जपून कर. अंगठ्याबद्दल ते सात झाल्यावर बोलू."

अपिसाईने माझा दंड पकडला आणि फवाऱ्याकडे निघाला. सातवा साचा होईपर्यंत त्याने माझा दंड सोडला नाही.